प्रकल्पाला जाऊ द्या, पण ठरवून

 

आज बचतीवर बोलणार नाही, कर्जावरही नाही. आज एका वाक्यावर बोलायचं आहे. शाळेत जाणारं मूल ज्या घरात आहे, त्या घरात ते वाक्य महिन्यातून दोन-तीनदा तरी ऐकू येतं. "आई, मैत्रिणीकडं जाते, प्रकल्प करायचाय." आपण भाकर थापता थापता मान वर न करता म्हणतो, "जा." नाहीतर म्हणतो, "काही नको, घरात कामं पडलीत." दोन्ही उत्तरं सोपी आहेत. पण या दोन्ही उत्तरांनी गेल्या पावसाळ्यात आमच्या गटाला चांगलाच धडा शिकवला. तोच तुम्हाला सांगायचा आहे.

भाद्रपदातला रविवार होता. आमच्या गटातल्या एका ताईची सातवीतली मुलगी सकाळी दहाच्या सुमाराला घरातून निघाली. प्रकल्पाचा विषय होता, आपल्या परिसरातले पाण्याचे स्रोत. सहा जणांचा गट, चार मुली आणि दोन मुलगे. "मैत्रिणीकडं जाते," एवढंच तिनं सांगितलं. कोणत्या मैत्रिणीकडं, कोणत्या पाड्यावर, कधी येणार, हे आईनं विचारलं नाही. आई नागलीच्या शेतात जायच्या घाईत होती. आपल्यापैकी कोणीही असती तरी असंच झालं असतं.

दुपारी चारनंतर पावसानं झोडपायला सुरुवात केली. आपल्याकडचा पाऊस कसा असतो हे तुम्हाला सांगायला नको. वर्षाला अडीच हजार मिलिमीटरहून जास्त पडतो आणि डोंगरउतारावरचा ओहळ बघता बघता भरतो. दिवेलागण झाली तरी मुलगी घरी नाही. फोन लावला तर बंद. मग ताई, तिचा दीर आणि आम्ही तिघी बॅटऱ्या घेऊन निघालो. तीन घरी विचारलं, तीन वेगळी उत्तरं मिळाली. शेवटी ओहळापलीकडच्या पाड्यावर सहाही मुलं सापडली. तिथल्या एका म्हाताऱ्या बाबांनी त्यांना पाण्यात उतरू दिलं नव्हतं. घरात बसवून कोरा चहा आणि भाकर दिली होती. पाणी ओसरलं तेव्हा रात्रीचे नऊ वाजले होते. त्या बाबांचे उपकार आम्ही विसरणार नाही.

मुलं सुखरूप घरी आली. खरी गोष्ट मात्र तिथून पुढं सुरू झाली. मुलीला घरी मार बसला. "आजपासून प्रकल्प-बिकल्प बंद," असा हुकूम निघाला. त्या दोन मुलग्यांना कोणी काही बोललं नाही. दुसऱ्या दिवशी विहिरीवर कुजबुज सुरू झाली, "रात्रीपर्यंत पोरांबरोबर होती म्हणे." आठ दिवसांत मुलीचे वडील म्हणायला लागले, सातवी झाली की पुरे. आणखी पंधरा दिवसांनी नात्यातल्या कोणीतरी स्थळाचा विषय काढला. मुलीचं वय तेरा वर्षं.

मैत्रिणींनो, चूक काय होती? कुठं जाते हे विचारलं नाही, एवढीच. त्या चुकीची किंमत मात्र मुलीच्या शाळेनं चुकवायची वेळ आली होती. हे पाहिलं आणि आम्ही तो विषय गटाच्या बैठकीत घेतला. काही जणींना वाटलं, हा ज्याच्या त्याच्या घरचा प्रश्न आहे. पण आपल्या सगळ्यांची मुलं त्याच वाटेनं जातात, त्याच ओहळातून येतात. मग एकटीच्या घरचा प्रश्न कसा?

आधी आम्ही शाळेतल्या बाईंना भेटलो. प्रकल्प म्हणजे नेमकं काय आणि तो गरजेचा आहे का, हे विचारलं. बाईंनी नीट समजावलं. आपल्या राज्यात 2010 पासून पहिली ते आठवीच्या मुलांचं मूल्यमापन सातत्यपूर्ण सर्वंकष पद्धतीनं सुरू झालं. त्यात नुसता पेपर धरत नाहीत. रोजचं निरीक्षण, तोंडीकाम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय हे सगळं धरतात. प्रकल्पात मुलानं चार ठिकाणी जाऊन विचारायचं, मोजायचं, लिहायचं आणि चौघांत मिळून काम करायचं. मोठ्या वर्गातही प्रकल्प सुटत नाही. अकरावी-बारावीला पर्यावरण शिक्षण आणि जलसुरक्षा हा विषय असतो, त्यातही प्रकल्प करावा लागतो. म्हणजे प्रकल्प बंद केला तर मुलीच्या शिक्षणाचाच एक भाग बंद केला.

बाई आणखी एक बोलल्या. "विकतचा तक्ता आणि रंगीत प्रिंट मी कधी मागितलेच नाहीत. मुलं आणतात म्हणून मी घेते." हे ऐकून आम्ही एकमेकींकडं बघत राहिलो. त्या तक्त्यांसाठी आमच्यातल्या दोघींनी गटातून हातउसने पैसे घेतले होते.

पुढच्या बैठकीला आम्ही मुलांनाही बोलावलं. ती मुलगी बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "तुम्ही विचारलंच नव्हतं कुठं जाते म्हणून. विचारलं असतं तर सांगितलं असतं." यावर आमच्याकडं उत्तर नव्हतं.

आता आपल्या गटाचंच बघा. पंचसूत्री आपल्याला पाठ आहे. नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड आणि नीट लिहिलेला हिशेब. बैठक कोणत्या वारी, उशीर झाला तर दंड किती, कर्ज आधी कोणाला, हे आपण सगळ्यांनी बसून ठरवलं. म्हणून आपण ते पाळतो. रात्री नऊ वाजता चिडून कोणी दंड ठोठावला असता तर गट कधीच मोडला असता. मुलांचं तसंच आहे. मर्यादा आधी, शांतपणे आणि त्यांना विचारून ठरवायची. नंतर रागानं जी घालतो ती मर्यादा नसते, ती शिक्षा असते.

मग आम्ही मुलांसह बसून पाच गोष्टी ठरवल्या आणि गटाच्या ठरावाच्या वहीत लिहिल्या. त्या एकेक करून सांगतो.

पहिली गोष्ट, कुठं. प्रकल्प कोणाच्या घरी होणार हे आदल्या दिवशी सांगायचं. त्या घरी त्या वेळी एक तरी मोठी बाई हजर पाहिजे, आई, आजी, काकी, कोणीही. हा नियम आपल्याकडं जास्त महत्त्वाचा आहे. दिवाळी झाली की कितीतरी कुटुंबं भिवंडी, वसई, कल्याणकडं वीटभट्टीवर आणि बांधकामावर जातात. पाड्यावर बरीच घरं रिकामी असतात किंवा एखादी थकलेली आजी तेवढी मागं असते. रिकाम्या घरी मुलांनी जमायचं नाही. मग जमायचं कुठं? आम्ही गटातल्या बायांनी पाळी लावली. रविवार माझा, पुढचा तिचा. समाजमंदिर किंवा अंगणवाडीचा ओटा मोकळा असेल तर आणखी चांगलं. नुसतं "नको" म्हणायचं आणि दुसरी जागा द्यायची नाही, हे बरोबर नाही.

दुसरी गोष्ट, कधी. जायची वेळ आणि यायची वेळ दोन्ही ठरवायच्या. दिवेलागणीच्या आधी घरी. पावसाळ्यात ओहळ ओलांडून दुसऱ्या पाड्यावर जायचं असेल तर मोठं माणूस सोबत हवं. आणि मुलं पलीकडं असताना पाणी चढलं तर तिथंच थांबायचं, निरोप द्यायचा, पाण्यात पाय घालायचा नाही. त्या वेळी उशीर झाला म्हणून घरी कोणीही ओरडायचं नाही. हे शेवटचं वाक्य आम्ही मुद्दाम वहीत लिहिलंय. माराच्या भीतीनं मूल भरल्या ओहळात उतरतं. उशीर चालेल, मूल हवं.

वेळेचा नियम आपल्यालाही लागू आहे. मुलीला प्रकल्पाला दोन तास दिले तर ते दोन तास तिचे. मधेच "पाण्याला चल", "धाकट्याला घे" असं बोलवायचं नाही. फाल्गुन-चैत्रात आपल्या विहिरी आटतात, हंडाभर पाण्यासाठी लांब जावं लागतं, हे खरं आहे. पण त्याच घरातला मुलगा प्रकल्प करतो तेव्हा त्याला कोणी हंडा घेऊन बोलवत नाही. मग मुलीलाच का?

तिसरी गोष्ट, किती पैसे. आम्ही ठरवलं की प्रकल्पासाठी घरातून वही, पेन्सिल आणि गरज पडलीच तर एक साधा कागद मिळेल. त्याहून जास्त लागत असेल तर मुलांनी आधी बाईंना विचारायचं. खर्च झाला तर सगळ्यांनी सारखा वाटून घ्यायचा आणि वहीत लिहायचा. ज्याच्या घरी पैसे नाहीत त्याला गटातून वगळायचं नाही. तो माती आणेल, पानं आणेल, काम करेल.

या पैशांवरून एक गंमत सांगतो. आमच्या पाड्यावरच्या तीन मुलांना वारली चित्रकलेवर प्रकल्प होता. मुलं जीपचं भाडं भरून जव्हारला गेली आणि दुकानातून वारली चित्रांचे रंगीत प्रिंट काढून आणले. आणि त्यांच्यातल्याच एकाची आजी गेली कित्येक वर्षं लग्नाचा चौक लिहिते! गेरूनं सारवलेली भिंत, तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग, मधे पालघट देवी. हे सगळं घरात असताना पोरांनी कागद विकत आणला. आपल्या जिल्ह्यातले गंजाडचे जिव्या सोमा म्हशे हीच चित्रं काढत होते. त्यांना 2011 मध्ये पद्मश्री मिळाली. आम्ही मुलांना आजीसमोर बसवलं. चौक कोण लिहितं, गाणी कधी म्हणतात, देवीभोवती काय काय काढतात, हे त्यांनी विचारून लिहून घेतलं. खर्च शून्य. त्या दिवशी आजीही खूश होती. नातवानं वही घेऊन तिला काही विचारायची ती पहिलीच वेळ.

कोसबाडची गोष्ट तर तुम्ही ऐकली असेलच. डहाणू तालुक्यातल्या त्या टेकडीवर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी आदिवासी मुलांची शाळा चालवली. 1945 साली बोर्डीला काम सुरू झालं, 1957 मध्ये ते कोसबाडला गेलं. मूल शाळेत येत नसेल तर शाळा मुलाच्या अंगणात न्यायची, गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणात भरवायची, असं त्यांचं काम. खेळणी आणि साहित्य कशाचं? बिया, पानं, खडे, शिंपले, माती. एवढ्या मोठ्या शिक्षणतज्ज्ञ बायांना दुकानातलं साहित्य लागलं नाही, तर आपल्या मुलांच्या प्रकल्पाला का लागावं?

चौथी गोष्ट, फोन. घरात फोन एकच, तोही बहुतेक वेळा वडिलांचा. पाड्यात रेंज नाही, म्हणून मुलं टेकडीवर चढतात. दहा मिनिटांच्या कामाला गेलेली पोरं दीड तास तिथंच व्हिडिओ बघत बसतात. आम्ही ठरवलं की काय शोधायचं ते आधी कागदावर लिहायचं. फोन ओटीवर, सगळ्यांना दिसेल असा ठेवायचा. काम झालं की ज्याचा त्याला परत. एकमेकांचे फोटो विचारल्याशिवाय काढायचे नाहीत आणि कोणाला पाठवायचे तर मुळीच नाहीत. फोटो पुढं गेला तर तो परत आणता येत नाही, हे मुलांना उघड सांगा. मुलगे असोत की मुली, दोघांनाही सांगा.

पाचवी गोष्ट, काम कोणाचं. सहा जणांच्या गटात एकच मुलगी लिहिते आणि पाच जण नाव घालतात, असं फार होतं. बहुतेक वेळा अक्षर चांगलं असलेल्या मुलीवर सगळं पडतं. ती रात्री कंदिलाखाली जागते आणि मुलगे क्रिकेट खेळतात. म्हणून आम्ही सुरुवातीलाच कामं वाटून घ्यायला लावली. कोणी मोजायचं, कोणी विचारायचं, कोणी लिहायचं, कोणी चित्र काढायचं. आणि आपण आयांनी त्यात हात घालायचा नाही. मुलाचा प्रकल्प आईनं किंवा मोठ्या बहिणीनं करून दिला तर मूल काय शिकलं? वाकडंतिकडं का होईना, त्याचं त्याला करू द्या.

या झाल्या पाच गोष्टी. पण आमचंही एक चुकलं, तेही सांगायला हवं. पहिल्या बैठकीत आम्ही सहावा नियम केला होता. मुलींनी मुलींबरोबरच प्रकल्प करायचा. विहिरीवरच्या कुजबुजीची भीती होती, म्हणून केला. दोन महिन्यांत त्याचे परिणाम दिसले. वर्गात गट हजेरीच्या क्रमानं पडले. एका गटात तीन मुलगे आणि एकच मुलगी आली. आमचा नियम म्हणून ती एकटी बाहेर बसली आणि प्रकल्प राहिला. ती रडत घरी आली. नियम मुलीला जपण्यासाठी केला आणि फटका तिलाच बसला. मग आम्ही तो ठराव वहीत खोडून नवा लिहिला. मुलं-मुली एकत्र काम करतील, उघड्या ओटीवर, मोठ्या माणसासमोर. पाचही नियम मुलग्यांना आणि मुलींना सारखे. उशीर झाला तर मुलग्यालाही तोच प्रश्न विचारायचा, जो मुलीला विचारतो. आणि विहिरीवर कोणी काही बोललं तर गटातल्या बाईनं गप्प बसायचं नाही. "आमच्या ओटीवर होती, आम्ही होतो तिथं," असं ठणकावून सांगायचं.

आता थोडं अवघड बोलतो. कधी कधी मूल म्हणतं, "मला त्या घरी जायचं नाही." आपण म्हणतो, कामचुकार आहे. तसं लगेच म्हणू नका. एकटीला जवळ घ्या, विचारा. त्या घरातलं कोणी त्रास देत असेल, अंगाला हात लावत असेल, तर मूल सरळ सांगत नाही, फक्त जायचं टाळतं. तिनं किंवा त्यानं काही सांगितलं तर आधी विश्वास ठेवा. लहान मुलांच्या लैंगिक शोषणाविरुद्ध 2012 चा पॉक्सो कायदा आहे. तो मुलींसाठी आहे तसा मुलग्यांसाठीही आहे. 1098 हा मुलांच्या मदतीचा नंबर आहे. रात्री-अपरात्री कधीही लावा, पैसे पडत नाहीत. हा नंबर मुलांनाही पाठ करून घ्या. आणि कोणी तेरा-चौदा वर्षांच्या मुलीच्या स्थळाचा विषय काढलाच, तर अठराच्या आत मुलीचं लग्न लावणं हा गुन्हा आहे, हे स्पष्ट सांगा. ग्रामपंचायत अधिकाऱ्याला कळवा. तो थांबवणं त्यांचं कामच आहे.

त्या मुलीचं पुढं काय झालं, हे तुम्हाला ऐकायचं असेल. वडिलांना आम्ही चौघी जाऊन भेटलो. भांडलो नाही. ठरावाची वही दाखवली. कोणत्या रविवारी कोणाच्या ओटीवर मुलं असतात, किती वाजता परततात, हे त्यात लिहिलेलं होतं. वडील बराच वेळ वही बघत होते. मग म्हणाले, "माहीत असलं तर माझी ना नाही." आता ती आठवीत आहे. स्थळाचा विषय मागं पडला.

आणि तो पाण्याचा प्रकल्पही पुरा झाला. मुलांनी पाड्यावरच्या विहिरी मोजल्या. कोणती कोणत्या महिन्यात आटते हे आजीबाईंना विचारून लिहिलं. मग त्यांनी मध्य वैतरणा धरणाची माहिती काढली. आपल्याच मोखाडा तालुक्यातलं धरण, 102 मीटर उंच, त्याचं पाणी मुंबईला जातं. प्रकल्पाच्या शेवटच्या पानावर मुलांनी एकच प्रश्न लिहिला. पाणी आपल्या तालुक्यातून जातं, मग उन्हाळ्यात आपल्या पाड्यावर टँकर का येतो? आम्ही ते पान ग्रामसभेत वाचून दाखवायला सांगितलं. वाचलं कोणी? त्याच मुलीनं. त्या रात्री आम्ही तिला कायमचं घरात बसवलं असतं, तर हा प्रश्न कोणी विचारला असता?

मैत्रिणींनो, एक काम सांगतो. तुमच्या पुढच्या बैठकीत हिशेब झाला की दहा मिनिटं काढा. मुलांना बोलवा. कुठं, कधी, किती पैसे, फोन कसा आणि काम कोणाचं, हे पाच प्रश्न त्यांनाच विचारा. उत्तरं वहीत लिहा, मुलांच्याही सह्या घ्या. नियम चुकला तर आमच्यासारखा खोडा आणि नवा लिहा. आणि उद्या मुलगी म्हणाली, "आई, प्रकल्पाला जाते," तर भाकर थापता थापता एकदा मान वर करा. "कोणाकडं? कधी येशील?" एवढं विचारा. मग म्हणा, "जा."

नमस्कार.